स्वतंत्र घड्याळकाराचे घड्याळ निवडताना

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

जालना रस्त्यावरील दालनांत मोठ्या कंपन्यांची घड्याळे मनगटावर बांधून पाहता येतात आणि बिघाड झाल्यास त्याच काउंटरवर परत जाता येते. स्वतंत्र घड्याळकाराच्या घड्याळाच्या बाबतीत अशी सोय क्वचितच असते. ते बहुधा छायाचित्रे पाहून, पत्रव्यवहार करून मागवावे लागते. म्हणूनच संग्रहासाठी असे पहिले घड्याळ घेणाऱ्याने तबकडीच्या देखणेपणाआधी एक प्रश्न विचारायला हवा : पंधरा वर्षांनी हे घड्याळ उघडून दुरुस्त कोण करणार?

'स्वतंत्र' हा शब्द हल्ली फार सैल अर्थाने वापरला जातो. मोठ्या उद्योगसमूहाच्या छत्राबाहेर राहून स्वतःच्या नावाने घड्याळे घडविणारा कारागीर, हा त्याचा मूळ अर्थ. क्वार्ट्झ घड्याळांनी यांत्रिक घड्याळांचा धंदा बसविला होता, त्या काळात म्हणजे १९८५ मध्ये स्वेन्ड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेझे यांनी अशा कारागिरांची संघटना स्थापन केली. फिलिप द्युफूर यांचे २००० साली आलेले 'सिम्प्लिसिटी' हे याच परंपरेतले. त्यात तास, मिनिटे आणि सेकंद यांपलीकडे काहीही नाही, तरीही लिलावात त्याची किंमत कोटींच्या घरात जाते. सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. पण कसोटी कोणती लावायची, हे अशा घड्याळांवरून कळते.

आवाक्यातली घड्याळे आहेत ती दुसऱ्या प्रकारची. यात आराखडा, तबकडी आणि केस उत्पादकाची असते. आतली यंत्रणा, जिला व्यवसायात 'मूव्हमेंट' म्हणतात, ती स्वित्झर्लंडच्या सेलिटा किंवा जपानच्या मियोटा यांसारख्या कंपनीकडून विकत घेतलेली असते. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेली जयपूर वॉच कंपनी जुनी नाणी तबकडीत बसविते. तिच्या 'रोमन बाघ' या घड्याळात १९४७ चे वाघाचे एक रुपयाचे नाणे आहे. बंगळूरच्या एका दांपत्याने उभारलेल्या बंगलोर वॉच कंपनीने २०१८ पासून भारतीय विषय निवडले : मिग-२१ विमान, क्रिकेट, अंतराळ मोहिमा.

विकतची यंत्रणा म्हणजे कमीपणा, असा एक समज संग्राहकांत आहे. आमच्या मते तो चुकीचा आहे, आणि महानगरांपासून दूर राहणाऱ्यांसाठी तर नक्कीच. सेलिटा किंवा मियोटाचे सुटे भाग मिळतात आणि प्रशिक्षित कारागिराला ती यंत्रणा परिचयाची असते. तिचे नाव व क्रमांक विक्रेता स्पष्ट सांगत नसेल, 'स्विस तंत्रज्ञान' एवढ्यावरच थांबत असेल, तर तिथे हात आखडता घेतलेला बरा.

यंत्रणाही स्वतःच घडविणाऱ्याकडून घड्याळ घेताना मात्र आपण एका माणसाच्या आयुष्यावर पैसे लावत असतो. इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी शोधलेली को-ॲक्सियल रचना ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणली. तरुण रॉजर स्मिथ यांनी स्वतः घडविलेले पहिले खिशातले घड्याळ त्यांना दाखविले, तेव्हा डॅनियल्स यांनी ते नापसंत केले. स्मिथ यांनी पाच वर्षांहून अधिक काळ खपून दुसरे घडविले. ते पसंतीस उतरले. डॅनियल्स २०११ मध्ये निवर्तले, पण त्यांची विद्या जाणणारा हात मागे राहिला. सर्वच घड्याळकारांच्या नशिबी असा शिष्य नसतो. तेव्हा कार्यशाळेत आणखी कोण काम करते, सुटे भाग साठवून ठेवले जातात का, हे पत्रातून विचारण्यात संकोच नसावा.

दुरुस्ती नसली की काय होते, हे या शहराला सांगायला नको. शहागंजचा क्लॉक टॉवर नूतनीकरणापूर्वी कैक वर्षे मुका उभा होता. शहराच्या जुन्या भागातील अनुभवी घडीसाजाला खरेदीआधीच यंत्रणेचा क्रमांक दाखवावा. त्याच्याकडे टायमिंग मशीन आहे का, हेही विचारावे. यांत्रिक घड्याळाला साधारण चार-पाच वर्षांनी साफसफाई व तेल लागतेच. मराठवाड्याचा उन्हाळा आणि धूळ पाहता पाणीरोधक रबरी कडीही त्याच वेळी तपासून घ्यावी. तबकडीवर '५० मीटर' लिहिले आहे म्हणून पोहायला उतरू नये. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो.

वापरलेले घड्याळ घेणाऱ्यांनी एचएमटीचा धडा लक्षात ठेवावा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याची 'जनता' आणि 'पायलट' ही घड्याळे आजही अनेकांच्या संग्रहाची सुरुवात असतात. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला आणि मागणी वाढली. नव्याने रंगविलेल्या तबकड्या आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेली अशी घड्याळे संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' या नावाने कुप्रसिद्ध आहेत. मागचे झाकण उघडून काढलेले छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

परदेशातून मागविताना सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किमतीचा हिशेब करावा. युरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून, स्विस घड्याळांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. दुरुस्तीसाठी घड्याळ परदेशी पाठविण्याची वेळ आली, तर ते परत येताना नव्या आयातीसारखे शुल्क आकारले जाऊ नये यासाठी पाठवतानाच कागदपत्रे करावी लागतात. मूळ पावती आणि अनुक्रमांक असलेले प्रमाणपत्र त्याकरिता जपून ठेवावे.