औषधशास्त्र व लोकारोग्य : कुळगाव परिसर

औषधशास्त्र व लोकारोग्य (कुळगाव परिसर) : औषधाचा शोध, निर्मिती, तपासणी व वितरण यांना रुग्णाच्या घरातील प्रत्यक्ष वापराशी जोडणारे अभ्यासक्षेत्र आणि त्या अनुषंगाने वस्त्यांमध्ये चालणारे काम. डॉक्टर निदान करून औषध लिहून देतो. ते औषध खरे आहे का, नीट साठवले आहे का, रुग्णाला मात्रा समजली का, त्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत ते घेतले का आणि त्यापासून अपाय तर झाला नाही ना, हे प्रश्न औषधशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे प्रयोगशाळेइतकीच वाड्यांत, चाळींत आणि मेडिकलच्या काउंटरवर शोधावी लागतात.

परिसर : कुळगाव हा ठाणे जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचा भाग असून तो बदलापूर रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वसला आहे. पश्चिमेकडून उल्हास नदी वाहते. 2011 च्या जनगणनेत नगरपरिषदेची लोकसंख्या 1,74,226 होती. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे रसायने व औषधे बनवणारे उद्योग असलेल्या औद्योगिक वसाहती आहेत. उल्हासनगरात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय व शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. शहरे संपतात तिथून बारवी धरणाकडे ठाकूर व कातकरी वाड्या लागतात. औषधाचा कच्च्या रसायनापासून वाडीतल्या आजाऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास इतक्या थोड्या अंतरात पाहता येत असल्याने हा परिसर या विषयाच्या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात औषधसंशोधन व लोकारोग्य यांची सांगड जुनी आहे. मुंबईत प्लेगची साथ असताना वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची परळ येथील संस्था पुढे सर्पदंश व विंचूदंश यांवरील प्रतिविषांसाठी ओळखली गेली.

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेक बळी जात. महाड परिसरात सरकारी दवाखान्यात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. हे विष हृदयावर व रक्ताभिसरणावर कसा ताण आणते ते त्यांनी ओळखले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर उपयोगी ठरते हे दाखवून दिले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे काम नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. पुढे प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो हेही त्यांच्या अभ्यासातून दिसले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण दिले. 39 गावांतील या कामाची तुलना 47 गावांशी केली असता नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन्ही उदाहरणांत औषध नवे नव्हते. ते कोणाला, केव्हा आणि कोणाच्या हातून द्यायचे, याचे ज्ञान नवे होते.

शिक्षण व संशोधन : या परिसरातील प्रमुख शिक्षणसंस्था म्हणजे उल्हासनगरचे डॉ. एल. एच. हिरानंदानी कॉलेज ऑफ फार्मसी. ते हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाच्या संस्थांपैकी एक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे टाकून आलेल्या समाजाने इथे शिक्षणसंस्था उभारल्या, याचे मोल मोठे आहे. महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते डॉ. लखुमल हिरानंद हिरानंदानी (1917–2013) हे सिंधमध्ये जन्मलेले, मुंबईत नावारूपाला आलेले कान-नाक-घसा शल्यचिकित्सक होते. 1972 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात लोकारोग्याला आता ठरलेले स्थान आहे. भारतीय फार्मसी परिषदेच्या 2020 च्या नियमांनुसार पदविकेच्या (डी.फार्म.) पहिल्या वर्षी ‘सामाजिक औषधनिर्माणशास्त्र’ हा विषय आहे. रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये किमान 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षणही सक्तीचे आहे. पदवीच्या (बी.फार्म.) शेवटच्या सत्रात सामाजिक व प्रतिबंधात्मक औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते. 2008 मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम रुग्णाभिमुख सेवेवर भर देतो.

वस्तीपातळीवरील संशोधनाला महागडी यंत्रे लागत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास करून सरासरी किती औषधे लिहिली जातात, त्यांत प्रतिजैविके व इंजेक्शने किती असतात हे मोजता येते. 1993 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी निर्देशांक ठरवून दिले. घरभेटींत उरलेल्या गोळ्या, मुदत संपलेल्या बाटल्या आणि मधेच सोडलेले उपचार यांची नोंद घेता येते. अशा अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची समजून दिलेली संमती आवश्यक असते.

वस्त्यांमधील काम : उल्हास नदीच्या पुराने हा परिसर वारंवार वेढला जातो. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पुराच्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यावर प्रतिबंध म्हणून डॉक्सिसायक्लिन दिले जाते, पण गर्भवती स्त्रिया व लहान मुलांसाठी ते योग्य नसते. म्हणून गोळ्या वाटताना घरात कोण कोण आहे हे विचारणे गरजेचे ठरते.

पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात. क्षारसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवायचे असते. थोडी भुकटी पेल्यात टाकण्याची सवय दिसली तर ती तिथेच करून दाखवून सुधारावी लागते. जुलाब थांबले तरी मुलाला जस्ताच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश झाल्यास दंशाचा अवयव न हलवता, करकचून न बांधता व जखम न कापता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचणे, हा संदेश वाडीवाडीत पोचवावा लागतो.

क्षयरोगाच्या नेहमीच्या प्रकारात उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि पुष्कळ रुग्ण गोळ्या सोडतात. अर्धवट उपचाराने औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो. बरे वाटले तरी औषध सोडायचे नाही, हाच धडा रक्तदाब व मधुमेहाला लागू आहे. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री परतणारा नोकरदार दवाखान्याच्या वेळेत सापडत नाही. मेडिकल मात्र त्याच्या वाटेवर उघडे असते.

मेडिकल व फार्मासिस्ट : फार्मसी कायदा 1948 नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचे असते. 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या ‘एच-1’ परिशिष्टातील औषधांची, त्यात काही प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधेही आली, वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. 2018 पासून क्षयरोगाची औषधे देणाऱ्या मेडिकलनेही रुग्णाची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. गोळी जेवणाआधी की नंतर, मात्रा चुकली तर काय करायचे, कोणत्या दोन औषधांनी एकमेकांना बाधा येते, हे दोन मिनिटांत सांगणारा फार्मासिस्ट रुग्णाला पुढचा मोठा खर्च वाचवू शकतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेतील दुकानांत तेच मूळ औषध कमी दरात मिळते, हे समजावून सांगणेही याच सेवेचा भाग आहे.

दुष्परिणामांची नोंद : भारतात औषधसुरक्षा निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. 2011 पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे काम पाहतो. औषध घेतल्यावर अंगावर पुरळ येणे, चक्कर येणे असा संशयित त्रास डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका किंवा स्वतः रुग्णही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. बाजारात येण्यापूर्वी औषधाची चाचणी मर्यादित लोकांवर होते. त्याचे खरे स्वरूप लाखोंच्या वापरानंतर कळते आणि ती माहिती घराघरांतूनच येते.

महत्त्व : एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब मोजून पत्रके वाटली की काम संपत नाही. ज्याचा रक्तदाब वाढलेला आढळला, तो महिन्याने गोळी घेतो आहे का, हे पाहिल्यावरच त्या शिबिराचा उपयोग ठरतो. त्यासाठी महाविद्यालय, शासकीय दवाखाना, आशाताई (वस्तीतील आरोग्यसेविका) आणि मेडिकलवाला यांच्यात नोंदींची देवाणघेवाण असावी लागते. महाडच्या दवाखान्यात विंचूदंशाच्या रुग्णाशेजारी बसून ठेवलेल्या नोंदींनी उपचाराची दिशा बदलली. कुळगाव परिसरातील विद्यार्थी जेव्हा वाडीतल्या आजीला तिने गोळ्या का सोडल्या हे विचारतो आणि तिचे उत्तर जसेच्या तसे लिहून घेतो, तेव्हा तोही त्याच परंपरेतले संशोधन करत असतो.