कुंड्यांतील बेडूक व भेक

घर, रोपवाटिका किंवा सार्वजनिक बाग येथील कुंड्यांचा निवारा म्हणून उपयोग करणारे उभयचर प्राणी. केवळ कुंडीत राहणारी अशी बेडकाची वेगळी जात नाही. माणसाच्या वस्तीजवळ राहण्याची सवय जडलेल्या काही जातींना ओलावा, सावली आणि भक्ष्य कुंडीत एकाच जागी मिळते, म्हणून त्या तेथे येतात. महाराष्ट्रात व गोव्यात सामान्य भारतीय भेक आणि ठिपकेदार झाडबेडूक या दोन जाती कुंड्यांत नेहमी दिसतात. कुंडी त्यांना दिवसाचा आणि कोरड्या ऋतूचा आसरा देते. अंडी घालण्यासाठी मात्र त्यांना दुसरीकडे पाणी शोधावे लागते. हा फरक ध्यानात घेतला की बागकाम करणाऱ्याने या प्राण्यांसाठी काय करावे आणि काय टाळावे, याचा उलगडा होतो.

कुंडी निवडण्याची कारणे : बेडकाच्या त्वचेवर खवले, पिसे किंवा केस नसतात. ती ओलसर असली तरच तिच्यातून श्वसन होते, आणि उघडी असल्याने तिच्यातून पाणी झपाट्याने उडून जाते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागाची व मांड्यांच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. तो भाग ओल्या मातीला टेकवून बसला की पाणी अंगात शोषले जाते. त्यामुळे जवळपास डबके नसले तरी नुकतेच पाणी घातलेली कुंडी त्याची तहान भागवते.

भाजलेल्या मातीच्या कुंडीतून पाणी पाझरून त्याची वाफ होते आणि माठातल्या पाण्याप्रमाणे आतली माती गार राहते. दाट पाने खालच्या मातीवर सावली धरतात. गांडूळखत, कोकोपीट व पालापाचोळा घातलेली माती भुसभुशीत असल्याने तिच्यात शिरणे सोपे जाते. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंड्या विटांवर ठेवल्या, तर खालची फट दिवसभर बसायला उपयोगी पडते. शहरांतील अंगणे फरशी, काँक्रीट व पेव्हर ब्लॉकखाली गेल्यापासून कुंड्यांचे महत्त्व वाढले आहे. पावसाळा सरल्यावर भेक ज्या उघड्या मातीत शिरून बसत असे, ती अनेक घरांभोवती उरलेली नाही. अशा ठिकाणी नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात रोज भिजणारी कुंडी ही त्यांना मिळणारी एकमेव ओली जागा असू शकते.

आढळणाऱ्या जाती : सामान्य भारतीय भेक (डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस) हा जाड, खडबडीत अंगाचा, तपकिरी रंगाचा प्राणी आहे. अंगावरील गाठींची टोके काळी असतात, डोळ्यांभोवती काळे कंगोरे असतात आणि डोळ्यांमागे दोन फुगीर विषग्रंथी दिसतात. मोठी मादी १० सेंमी.पेक्षा लांब भरते. भेक फार उंच उडी मारत नाही; छोट्या उड्या घेत किंवा चालत जातो. म्हणून तो जमिनीवरच्या, रुंद तोंडाच्या कुंड्यांत जास्त दिसतो. मागच्या पायांच्या तळव्यांवरील कठीण उंचवट्यांनी माती बाजूला सारत तो उलटा, मागच्या बाजूने खाली उतरतो. काही मिनिटांत डोळे आणि नाकपुड्या एवढेच वर उरतात, आणि त्यांचा रंग मातीत मिसळून जातो.

ठिपकेदार झाडबेडूक (पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस) सडपातळ असून त्याची मादी साधारण ७ ते ८ सेंमी. लांब असते. बोटांच्या टोकांवरील चकत्यांमुळे तो भिंत, काच आणि गुळगुळीत पाने सहज चढतो. मांडीच्या मागच्या बाजूला गडद रंगावर पिवळे गोल ठिपके असतात. न्हाणीघरात, टाकीच्या झाकणाखाली आणि टांगलेल्या कुंड्यांत सापडतो तो बहुधा हाच. उन्हाळ्यात पाणी वाचवण्याची त्याची रीत जवळून पाहण्यासारखी असते. त्वचेतून पाझरणारा स्निग्ध स्राव तो पुढच्या व मागच्या पायांनी डोके, पाठ आणि कुशींवर क्रमाने पुसत नेतो. त्यानंतर चारही पाय अंगाखाली दुमडून, बोटे लपवून, पोट पृष्ठभागाला चिकटवून तो तासन्‌तास निश्चल बसतो. या लेपामुळे त्वचेतून बाष्प उडण्याचा वेग कमी होतो. असा बेडूक आजारी किंवा मेलेला समजून फेकून देऊ नये.

यांखेरीज सुमारे २ ते २.५ सेंमी. लांबीचे, टोकदार तोंडाचे मायक्रोहायला बेडूक कुंडीखालच्या ओलसर जागेत सापडतात. मुंग्या व वाळवी हे त्यांचे मुख्य अन्न आहे. स्फेरोथेका प्रजातीचे बिळे करणारे बेडूक बागेच्या भुसभुशीत मातीत शिरतात. सह्याद्रीतील जंगलालगतच्या घरांत रावऑर्केस्टिस प्रजातीचे छोटे झुडूपबेडूक कुंड्यांतील झाडांवर येतात. या प्रजातीला २०१० साली भारतीय उभयचरतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांचे नाव देण्यात आले.

दिनक्रम व अन्न : हे सर्व प्राणी मुख्यतः निशाचर आहेत. दिवेलागणीनंतर भेक कुंडीतून उतरतो आणि ओसरीच्या दिव्याखाली जमणारे किडे टिपायला बसतो. किडा हलला की तो त्याच्याकडे वळतो, मान पुढे काढतो आणि जीभ फेकतो. ही जीभ तोंडाच्या पुढच्या भागाला जोडलेली असल्याने उलटून बाहेर पडते. घास गिळताना डोळे मिटून आत ओढले जातात. ते टाळूवरून घास घशाकडे ढकलण्यास मदत करतात. उजाडण्यापूर्वी तो आडोशाला परततो, आणि जागा मानवली तर तीच कुंडी पुन्हा पुन्हा वापरतो.

मुंग्या, वाळवी, झुरळे, पतंग, अळ्या, गोगलगायी आणि पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारे हुमणीचे भुंगेरे असा त्याचा आहार असतो. भेकाचा शेतीला होणारा उपयोग जुन्या काळापासून नोंदला गेला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०४ साली ए. एच. कर्कलंड यांची या विषयावरील पुस्तिका शेतकऱ्यांसाठी प्रसिद्ध केली होती. या उपयोगालाही मर्यादा आहेत. भेक हलणारे भक्ष्य टिपतो, त्यामुळे देठाला चिकटून राहणारे मावा व पिठ्या ढेकूण तो आटोक्यात आणू शकत नाही. गांडुळे आणि उपयोगी कीटकही तो खातो. तरीही रात्री पाने कुरतडणाऱ्या किडींवर त्याचा नित्य पहारा असतो, आणि तोही विषारी फवारणीशिवाय.

कुंडीच्या मातीतच राहणारा ब्राह्मणी वाळा हा बिनविषारी, गांडुळासारखा दिसणारा साप भेकाचा शेजारी असतो. पूर्व तिमोरमध्ये भेकाने गिळलेला असा एक वाळा त्याच्या आतड्यांतून जिवंत बाहेर पडल्याची नोंद आहे.

प्रजनन : पहिले जोरदार पाऊस पडले की भेक कुंड्या सोडून डबकी, विहिरी व तळी गाठतात. मादी पाण्यात पारदर्शक, चिकट दोऱ्यांत हजारो काळी अंडी घालते. झाडबेडकांची जोडी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाकीच्या आतल्या भिंतीवर स्राव पायांनी घुसळून पांढऱ्या फेसाचे घरटे करते. फेसाचा बाहेरचा थर वाळून पिवळसर होतो, आतला ओलावा टिकतो. काही दिवसांनी भैकेर (पाण्यात वाढणारी पिल्ले) खालच्या पाण्यात पडतात. पावसाचे पाणी साठवलेल्या पिंपावर दिसणारे असे घरटे खरवडून काढू नये.

याच ठिकाणी बागकाम आणि आरोग्य यांचा मेळ घालावा लागतो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते, आणि म्हणूनच महापालिकांचे कर्मचारी पावसाळ्यात ताटल्या तपासतात. बेडकांसाठी म्हणून ताटलीत पाणी साठवण्याची गरज नाही. प्रौढ बेडकाला ओली माती किंवा भिजवलेली वाळू पुरते. ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात. चुकून भैकेर दिसलेच, तर ते त्याच परिसरातील, मासे नसलेल्या पाण्यात हलवावेत.

समजुती व धोके : भेकाला हात लावल्याने चामखीळ होत नाही, ती माणसाच्या त्वचेतील विषाणूंमुळे होते. भेकाच्या ग्रंथींतील स्राव मात्र खरोखर विषारी असतो. तो डोळ्यांत किंवा तोंडात गेल्यास जळजळ होते, म्हणून भेक हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. पाणी घशात न जाता बाहेर वाहील अशा रीतीने त्याचे तोंड धुऊन त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. बेडकांमागे साप येतात ही भीती अगदीच निराधार नाही. दिवड आणि नानेटी हे साप बेडूक खातात. पण दोन्ही बिनविषारी आहेत. घराजवळ साप येऊ नयेत यासाठी उंदरांचा वावर आणि अडगळ कमी करणे अधिक महत्त्वाचे आहे.

या प्राण्यांना माणसाकडून असलेला धोका मोठा आहे. पातळ त्वचेतून पाण्याबरोबर कीटकनाशके व रासायनिक खतांचे क्षारही आत जातात. कुंडीत टाकलेली दाणेदार औषधे बेडूक बसतो त्याच थरात राहतात. माती उकरताना खुरप्याने होणारी इजाही नेहमीची आहे. कुंडीची माती बदलण्यापूर्वी वरचा थर हाताने चाचपून पाहिला तर ती टळते. नुकतीच लावलेली कोवळी रोपे भेकाच्या उकरण्याने उचकटली जाऊ शकतात. मुळे धरेपर्यंत त्यांच्याभोवती मोठे खडे मांडणे पुरेसे असते.

कुंड्यांबरोबर होणारा प्रसार : रोपांच्या व्यापाराने काही बेडूक समुद्रापार गेले आहेत. पोर्तो रिकोतील कोकी बेडूक तेथे लोकांच्या जिव्हाळ्याचे प्रतीक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकांच्या कुंड्यांतून तो हवाई बेटांवर पोचला आणि तेथे त्याच्या रात्रभर चालणाऱ्या कर्कश आवाजामुळे उपद्रवी ठरला. क्यूबा व बहामा येथील हरितगृह बेडूकही असाच अनेक देशांत पसरला. दोघांच्याही अंड्यांतून भैकेरांऐवजी थेट इवले बेडूक बाहेर येतात. त्यांचे सारे जीवनचक्र ओल्या कुंडीत पुरे होते, त्यामुळे त्यांचा प्रसार सोपा झाला. सह्याद्रीतील झुडूपबेडकांची वाढही याच पद्धतीने होते. म्हणून घाटातून शहरात आणलेल्या रोपांची पाने व माती आधी तपासून घ्यावी. आपला भेकही अशा प्रवासातून सुटलेला नाही. तो मादागास्करच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात पसरल्याचे २०१४ साली उघड झाले. तेथील भक्षक प्राण्यांना त्याच्या विषाची सवय नसल्याने अभ्यासक चिंतित आहेत.

जपणूक : बागेत बेडूक असावेत म्हणून ते दुसरीकडून आणून सोडू नयेत. उसावरील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आणलेला केन टोड हा भेक पुढे तेथील वन्यजीवांचा शत्रू ठरला. जवळच्या गावातून आणलेल्या बेडकाबरोबरही बुरशीजन्य रोग येऊ शकतो. त्याऐवजी एखादी फुटकी कुंडी सावलीत आडवी करून अर्धी मातीत पुरावी, तीत पालापाचोळा घालावा, संध्याकाळी पाणी शिंपडावे आणि त्या भागात फवारणी बंद ठेवावी. टाक्यांना झाकण व जाळी लावावी, आणि खोल हौदात तिरकी फळी ठेवावी, म्हणजे पडलेला प्राणी वर येऊ शकेल. अंगणाला फरशी घालताना कुंपणालगत हातभर रुंदीची पट्टी उघडी सोडावी. कुंडी भेकाला उन्हाळा काढू देते. पण त्याची पुढची पिढी वाचायची तर उघडी माती आणि परिसरातील डबकी-ओढे टिकले पाहिजेत.