माणसाच्या उंचीचा कामठा

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त विदर्भातल्या वत्सगुल्माला, म्हणजे आपल्या वाशीमला, कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलं आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्नही त्याने तिथेच लावून दिलं. वाशीमकरांनी हा मान खुशाल मिरवावा. पण त्या देवाच्या हाती धनुष्य कशाचं, तर उसाचं! कवींचं ठीक आहे, कामठा, म्हणजे खरं धनुष्य, करणारा मात्र उसाला हात लावणार नाही. तो त्याच गवतकुळातल्या वेळूकडे वळेल.

कौटिल्याने तेच केलं. ‘अर्थशास्त्रा’त आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याला चार जिन्नस सांगितले आहेत: ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू आणि पुन्हा वेळूच. ही शेवटची नोंद पोथीतच राहिली नाही. सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला वेळूची चिरलेली पट्टीच दोरी म्हणून चढते.

हे धनुष्य लांब किती? अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसचं वर्णन ग्रीक इतिहासकार एरियनने जपून ठेवलं आहे. धनुष्य माणसाच्या उंचीचं, बाण तीन हातांना थोडा कमी. एक टोक जमिनीला टेकवायचं, डावा पाय लावायचा आणि दोरी मागे ओढायची. इ. स. पू. 326 मध्ये झेलमकाठी पावसाने जमीन निसरडी झाली आणि पोरसच्या तिरंदाजांना धनुष्य टेकवायला जागाच मिळेना, असं रोमन इतिहासकार कर्टिअस लिहितो.

एवढी लांबी रुबाबासाठी नव्हती. आखूड कामठा पूर्ण ओढला की टोकांशी दोरीचा कोन काटकोनाकडे जातो आणि शेवटच्या चार बोटांत ओढ एकाएकी जड होते. लांब कामठ्यात तो कोन लहानच राहतो, ओढ सारखी चढत जाते. पण लांबीबरोबर वजनही येतं. टोकं जाड राहिली तर बाण सुटताच मुठीला हिसका बसतो, म्हणून मुठीपासून टोकांकडे सामान निमुळतं करत न्यावं लागतं.

खरी कारागिरी इथे आहे. भरीव वेळू उभा चिरून कामटी काढायची. सालीकडचे तंतू दाट, ताण तेच सोसतात. म्हणून ती बाजू पाठीला, नेमाकडे ठेवायची आणि तासायचं ते पोट. मग मूठ खुंटीवर टेकवून दोरी थोडी थोडी खाली ओढायची आणि दूर उभं राहून वाक बघायचा. जिथे कामटी ताठ, तिथेच काचेच्या तुकड्याने खरवडायचं. जिथे जास्त वाकते, तिथे हातही लावायचा नाही. पेराशी आलं की घाई होते. पेर ताठ दिसतं, पण जास्त खरवडलं की कामठा तिथेच बसतो. काढलेलं परत चिकटवता येत नाही.

दुसरी शाखा शिंगाची. शिंग, स्नायू आणि सरस यांचं आखूड, उलट्या वाकाचं धनुष्य घोडेस्वाराच्या सोयीचं. दरबारी चित्रांत तेच दिसतं. त्याची ओढही सुरेख, फक्त पावसाळ्यात सरस दगा देतो. पुढे बंदुका आल्या. साधा लांब कामठा रानात पायी फिरणाऱ्यांच्या हाती राहिला, त्यामुळे त्याचा इतिहास लिहायची गरज कुणाला वाटली नाही. इंग्रजांनी मात्र 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज 1982 मध्ये वर काढलं, आणि त्यातली यू लाकडाची शंभरावर लांब धनुष्यं संग्रहालयाच्या हाती लागली.

2023 मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले, ते कंपाऊंड धनुष्यावर. त्यात शेवटच्या चार बोटांचा प्रश्न चाकांनी सोडवला आहे: पूर्ण ओढीला वजन वाढायच्या ऐवजी निम्म्याहून खाली येतं. आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’मध्ये, 50 आणि 30 मीटरवर, अजून बांबूचंच धनुष्य चालतं. तिथे चाक नाही. ओढ जशी खरवडली असेल तशीच मिळते.