नोटेवरचा कैदी

‘काळं पाणी’ म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण इंग्रजांनी स्वतःच्या देशबांधवांनाही असंच समुद्रापार धाडलं होतं. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियात रवाना झाले. त्यांतल्या फ्रान्सिस ग्रीनवेची गोष्ट आज मी सांगणार आहे.

ग्रीनवे हा ब्रिस्टलचा वास्तुशिल्पी. १८०९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पुढे एका करारात बनावट मजकूर घातल्याचा गुन्हा त्यानं १८१२ मध्ये कबूल केला. फाशीची शिक्षा झाली; ती कमी होऊन चौदा वर्षांची हद्दपारी नशिबी आली. १८१४ मध्ये तो सिडनीला उतरला.

गव्हर्नर मॅक्वारींना तिथं नीटस शहर उभारायचं होतं आणि जाणकार माणूस हवा होता. १८१६ मध्ये त्यांनी या कैद्यालाच सरकारी वास्तुशिल्पी नेमलं, रोजी तीन शिलिंगांवर. त्यानं दीपगृह बांधलं, चर्च बांधली आणि हाइड पार्कजवळ कैद्यांसाठी बराक बांधली.

मला अस्वस्थ करते ती ही बराक. तोवर सिडनीतले बरेच सरकारी कैदी गावातच भाड्यानं राहत. सरकारी काम संपलं की चार पैशांची वरकड कामं करत. १८१९ मध्ये बराक उघडली आणि शेकडो जणांचं हे स्वातंत्र्य गेलं. त्यांची रात्र आता ओळीनं टांगलेल्या झोळ्यांत जाऊ लागली. आणि ही इमारत उभारल्याबद्दल ग्रीनवेला मिळालं काय? संपूर्ण माफी! एका कैद्याची सुटका झाली, ती इतरांच्या कोंडवाड्याच्या मोबदल्यात.

त्याला दोष देणं सोपं आहे. पण नकार देण्याची मुभा कैद्याला कितपत असते?

मॅक्वारींच्या खर्चावर लंडनहून चौकशी आली, ते मायदेशी परतले आणि १८२२ मध्ये ग्रीनवेची नोकरी गेली. १८३७ मध्ये तो दारिद्र्यात वारला. त्याच्या थडग्यावर साधी खूणही नव्हती.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियानं दहा डॉलरच्या नव्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. बनावट कागदापायी हद्दपार झालेला माणूस देशाच्या चलनावर झळकला! त्या बराकीला २०१० मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथं झोळ्यांत निजलेल्यांचे चेहरे मात्र कुठल्याच नोटेवर आले नाहीत.