कांदा का रडवतो? एका उत्तराचा इतिहास

‘कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी का येते?’ असे वर्गात कोणी विचारले, की ‘त्यात गंधकाची संयुगे असतात म्हणून’ असे सांगून आपण पुढे जातो. मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. पण मग टोपलीतला अख्खा कांदा का झोंबत नाही? आणि लसणातही गंधकाची संयुगे भरपूर असताना तो ठेचताना रडू का येत नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमध्ये मिळाले. आर्तुरी व्हिर्तानेन (रसायनशास्त्राचे नोबेल, १९४५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास कांद्यातले एक गंधकयुक्त अमिनो आम्ल शोधले. ते स्वतः झोंबत नाही. पेशीमध्ये ते आणि अ‍ॅलिनेज नावाचे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरीने पेशी फुटल्या, की दोघांची गाठ पडते आणि सल्फेनिक आम्ल तयार होते. व्हिर्तानेन यांना हेच रडवणारे द्रव्य वाटले. १९७१ मध्ये ब्रॉडनिट्झ व पास्काले यांनी दाखवले, की खरे द्रव्य त्याच्या पुढचे आहे : प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. याची वाफ डोळ्याला लागते, तिथल्या चेतातंतूंना ती जाणवते आणि ती धुऊन काढण्यासाठी अश्रू वाहू लागतात.

सल्फेनिक आम्लापासून हे द्रव्य आपोआप बनते, असेच सर्वजण धरून चालले होते. जपानमधील हाऊस फूड्स कंपनीचे शिनसुके इमाई व सहकारी यांनी कांद्यातल्या अमिनो आम्लावर लसणाचे अ‍ॅलिनेज वापरून पाहिले. चवीची संयुगे बनली, पण रडवणारे द्रव्य काही बनले नाही! म्हणजे कांद्यात आणखी एक विकर असलेच पाहिजे. ते त्यांनी शोधले आणि २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर केले. लसणात ते नाही. शिवाय त्याचे मुख्य अमिनो आम्लही वेगळे. दुसरा प्रश्नही सुटला. या कामाला २०१३ मध्ये, आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे ‘इग नोबेल’ मिळाले.

वर्गात एक कच्चा आणि एक अख्खा उकडून गार केलेला कांदा चिरून पाहा. उकडलेला रडवत नाही, कारण उष्णतेने विकरे निकामी होतात. मात्र हे कारण लगेच सांगू नका. मुलांना तर्क करू द्या. जाणकारांनाही जे उत्तर चाळीस वर्षे पुरेसे वाटले, ते अपुरे आहे हे कळायला लसूणच मध्ये यावा लागला. आपल्या वर्गातही असा ‘लसूण’ आणणारा एखादा विद्यार्थी असेल. त्याला गप्प बसवू नये.