पामर पेढीचें औरंगाबाद खातें व त्याची सरकारी तपासणी

मराठवाड्यांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, वतनपत्रें व महजर यांची जपणूक आस्थेनें होते. परंतु खतें, कतबे, वराता, बटवड्याच्या पावत्या व रोजकीर्दीचे बंद हे सावकारी कागद रद्दी समजून बाजूस टाकले जातात. राज्यांच्या उलाढालींचीं खरीं कारणें पुष्कळदां या दुसऱ्या प्रकारच्या कागदांतच दडलेलीं असतात. याचें एक ठळक उदाहरण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या कागदांतील औरंगाबाद, या शहराच्या नांवानें उघडलेल्या एका कर्जखात्याचें आहे. त्याची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें वसविलेलें खडकी हेंच पुढें औरंगाबाद झालें. निजामाची राजधानी इ. स. १७६३ मध्यें येथून हैदराबादेस गेली, तरी फौजेचें ठाणें म्हणून शहराचें महत्त्व टिकून राहिलें. इंग्रजांच्या आग्रहावरून निजामानें कवाइती फौज उभारली, तिचा एक भाग औरंगाबादेस व दुसरा वऱ्हाडांत असे. सरदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, आणि पगार निजामाच्या खजिन्यांतून, अशी ही व्यवस्था होती. महालांचा वसूल हंगामांत येई व शिपायांचा बटवडा मात्र महिन्याच्या महिन्यास लागे. ही मधली फट सावकारानें भरून काढावयाची, असा सर्वत्र परिपाठ होता.

हें काम विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीनें उचललें. मुख्य भागीदार विल्यम पामर हा पुण्याचा एके काळचा रेसिडेंट जनरल पामर याचा मुलगा. मातृपक्षानें तो हिंदी होता व निजामाच्या फौजेंत नोकरी करून मग व्यापारांत शिरला होता. पेढी इ. स. १८१४ मध्यें रीतसर स्थापन झाली. बंकटीदास हा गुजराती सावकार तिचा भागीदार होता. पुढें सर विल्यम रम्बोल्ड येऊन मिळाला. या रम्बोल्डची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या छायेखालीं वाढलेली होती, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अर्काटच्या नबाबाच्या कर्जप्रकरणाचा अनुभव जमेस धरून विलायतेच्या पार्लमेंटानें इ. स. १७९७ मध्यें असा कायदा केला होता कीं, कंपनीच्या वरिष्ठ सरकारच्या संमतीवांचून कोणाही ब्रिटिश प्रजाजनानें हिंदी राजास कर्ज देऊं नये. पामर पेढीस ही संमति इ. स. १८१६ मध्यें मिळाली. तिच्यांत एक अट घातलेली होती: पेढीच्या व्यवहारांचें स्वरूप व हेतु काय, याविषयीं रेसिडेंटास वाटेल तेव्हां आपली खातरजमा करून घेण्याचा अधिकार राहील. म्हणजे तपासणीचें कलम परवान्यांतच होतें. पामर प्रकरण नियमाच्या अभावीं उद्भवलें, अशी जी समजूत आढळते ती म्हणून बरोबर नाहीं. नियम होता, तो चालविणारा नव्हता.

परवान्यानंतर पेढीच्या हिशेबांत वऱ्हाड सुभ्याचें खातें व औरंगाबादचें खातें अशीं निरनिराळीं नांवें दिसूं लागतात. पेढीनें फौजेचा पगार आगाऊ द्यावा, आणि त्याच्या फेडीस निजामाकडून महालांचा वसूल लावून घ्यावा, असा करार असे. निजाम सिकंदरजाह कारभारापासून अलिप्त होता. खरी सत्ता पेशकार राजा चंदुलाल याच्या हातीं होती. चंदुलालास रोख पैसा हवा होता व पेढीस भक्कम तारण. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत जाई. रेसिडेंट हेन्री रसेल यानें आपला तपासणीचा अधिकार कधीं नेटानें वापरला नाहीं. रेसिडेन्सीच्याच मंडळींचा पैसा व हितसंबंध पेढींत गुंतलेले होते. अशा स्थितींत तपासणारा व तपासला जाणारा यांत अंतर कसें राहणार?

इ. स. १८२० मध्यें साठ लाखांचें नवें कर्ज पुढें आलें. फौजेची थकबाकी वारावी, जुन्या सावकारांचें महागडें देणें फेडावें व रयतेस तगाई द्यावी, हे त्याचे उद्देश सांगण्यांत आले. फेडीस सालीना सोळा लाखांचा वसूल लावून द्यावयाचा होता. कलकत्त्याच्या कौन्सिलांत मतभेद झाला, परंतु लॉर्ड हेस्टिंग्जच्या मताच्या जोरावर मंजुरी मिळाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस रसेलच्या जागीं चार्ल्स मेटकाफ आला. रम्बोल्डशीं त्याचा पूर्वीचा स्नेह होता. तरीही त्यानें विचारलेला प्रश्न साधा होता: साठ लाख रुपये कोणत्या तारखेस, कोणाच्या हातीं पडले? तपासाअंतीं असें दिसून आलें कीं, कर्जाचा मोठा भाग रोख आलाच नव्हता; जुन्या खात्यांतील बाकी नव्या खात्यांत ओढून घेतली होती. शिवाय आठ लाख रुपये पेढीनें मनोतीसारखे आपल्या पदरीं धरले होते. शेकडा अठरा या दरानें साठ लाखांचें वर्षाचें व्याज १० लाख ८० हजार होतें. आठ लाख वजा जातां उरलेल्या बावन्न लाखांवर तेंच व्याज शेकडा पावणेएकवीस पडतें. स्वस्त म्हणून दाखविलेल्या कर्जाची ही खरी किंमत होय.

मेटकाफला लॉर्ड हेस्टिंग्जची इतराजी सोसावी लागली. तथापि हेस्टिंग्ज इ. स. १८२३ च्या आरंभीं गेल्यावर तोड निघाली. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास सालीना सात लाखांची पेशकश देत असे. ती कायमची मिटवून तिचें मुद्दल म्हणून १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये कंपनीनें मोजले व त्यांतून पेढीचें देणें वारलें. सात लाखांस सहा टक्क्यांनीं भांडवली रूप दिलें म्हणजे हाच आंकडा येतो. इ. स. १८२४ मध्यें पेढी बुडाली.

याची दुसरी बाजूही मांडणें न्यायाचें होईल. करेन लिओनार्ड या विदुषीनें पामर पेढी ही परकी लुटारू टोळी नसून हैदराबादच्या सावकारी व्यवहारांतच रुजलेली हिंदी पेढी होती, असें प्रतिपादन केलें आहे. राज्याच्या कर्जास मोठा धोका असे, व मनोती, बट्टा आणि चढें व्याज हे देशी सावकारांतही रूढ होते, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु देशी सावकाराच्या मागें गव्हर्नर जनरलचा परवाना व रेसिडेंटाची छाया नसे. वसूल थकल्यास सावकारासच झीज सोसावी लागे. येथें ती झीज अखेर निजामाच्या पेशकशींतून भरून निघाली.

मराठी राज्यपद्धतींतील एका गोष्टीची येथें आठवण होते. मामलेदारावर नजर ठेवण्यास मजमुदार, फडणीस इत्यादि दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरांतून होई. मामलेदारास त्यांना काढतां येत नसे, व त्यांच्या निशाणीवांचून हिशेब पुरा होत नसे. या व्यवस्थेंतही लबाड्या झाल्या. परंतु तपासनिसाची भाकरी तपासल्या जाणाऱ्याच्या हातीं नसावी, हें तत्त्व तिच्यांत होतें. पामर प्रकरणांत नेमकें हेंच नव्हतें.

फौजेच्या खर्चाचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. तो वाढत जाऊन इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेले. पैकीं धाराशिव व रायचूर इ. स. १८६० मध्यें परत आले. वऱ्हाड आलें नाहीं.

प्रकरणाचे इंग्रजी कागद इ. स. १८२४ मध्यें लंडनमध्यें छापले गेले. त्यांत पेढी, रेसिडेंट व कौन्सिल बोलतात; ज्या महालांचा वसूल लावून दिला, तेथील देशमुख, देशपांडे व रयत बोलत नाहींत. त्यांची साक्ष मोडी व फारसी कागदांतच मिळाली तर मिळेल. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, इ. स. १८१६ ते १८२४ या सालांचा औरंगाबाद व वऱ्हाडकडील एखादा रुमाल हातीं आल्यास, त्यांतील वरात, पावती वा वसुलाची याद फेंकूं नये. मुद्दल किती, मनोती किती, बट्टा किती व पैसा हातीं केव्हां पडला, एवढें टिपून ठेवावें. मेटकाफनें विचारलेला प्रश्न गांवच्या बाजूनें अद्याप कोणीं विचारलेला नाहीं.