डोहाळजेवणाच्या आधीची गोष्ट

होळकरांच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या आपल्या घरांत डोहाळजेवण आजही हौसेने होते. सातवा महिना लागला की हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी आणि वाटीखाली पेढा की बर्फी याची गंमत. परंतु बाळाच्या मेंदूचा पाया या कौतुकाच्या कितीतरी आधी घातला जातो. तो पाया भक्कम करणाऱ्या एका जीवनसत्त्वाचा माग प्रथम मुंबईत लागला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जिवावर बेतणारा पंडुरोग होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांनी हाफकिन संस्थेत हाती घेतले. या बायका कशा राहतात, काय खातात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने कमी, त्यांच्यात हा रोग अधिक, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे उंदीर व माकडांवर प्रयोग झाले. त्यातून यीस्टच्या अर्कापासून बनणारे ‘मार्माइट’ हे स्वस्त खाद्य उपयोगी ठरले. रुग्ण बायकांना ते दिल्यावर त्या झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मार्माइटमधला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा माहीत नव्हते. त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले गेले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड. विल्स घटक तो हाच.

त्याचा मेंदूशी असलेला संबंध उलगडायला आणखी पन्नास वर्षे गेली. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत एक नाजूक नळी मिटते आणि तिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतात. ती नीट मिटली नाही तर बाळाला गंभीर व्यंग राहते. आधीच्या खेपेस असे बाळ झालेल्या स्त्रियांवरील मोठ्या पाहणीचा निकाल १९९१ साली आला. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास हा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले.

म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे पुरते कळायच्या आतच ही नळी मिटलेली असते. आपण मात्र सातव्या महिन्यात ताट सजवतो! आपल्याच घरांत पूर्वी सून सर्वांच्या मागून, पातेल्यात उरेल ते जेवत असे, हेही आपण मोकळेपणाने कबूल करायला हवे.

पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा यांत हे जीवनसत्त्व असते. भाजी फार शिजवली किंवा तिचे पाणी ओतून दिले की ते कमी होते. मूल हवे असे ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आधी असे बाळ झाले असल्यास मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी.

डोहाळजेवण आपण सातव्या महिन्यातच करू. सुनेच्या, लेकीच्या ताटाकडे मात्र लग्नाच्या पहिल्या दिवसापासून लक्ष देऊ. गिरणगावातल्या त्या अनाम बायकांमुळे हे ज्ञान जगाला मिळाले. ते आपल्या स्वयंपाकघरात पोहोचवणे आपल्याच हातात आहे.